हातातलं जाळं आणि आंब्याखालची रेंज

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की समीक्षा पुस्तकाची होते, नाटकाची होते. हातात मावणाऱ्या इंटरनेटच्या यंत्राची कसली समीक्षा करता? आमचं म्हणणं असं, की यंत्रालाही लेखक असतो. वाचणारा कोण, त्याची भाषा कोणती, त्याच्या गावात टॉवर आहे की नाही, हे कुणीतरी टेबलाशी बसून गृहीत धरलेलं असतं. त्या गृहीत धरण्याची समीक्षा नक्की करता येते. आणि चंद्रपूर-गडचिरोलीत बसून केली, तर ती पुण्या-मुंबईतल्यापेक्षा वेगळी निघते.

सुरुवात एका विसरलेल्या यंत्रापासून करू. सिम्प्युटर. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले चार प्राध्यापक आणि एन्कोर नावाची कंपनी यांनी मिळून ते घडवलं. २००१ मध्ये नमुना लोकांपुढे आला, २००४ मध्ये 'अमिडा' या नावानं बाजारात. किंमत जवळपास दहा हजारांपासून पुढे. त्या काळी हातात धरून इंटरनेट बघायचं म्हणजे परदेशी श्रीमंतांचा खेळ; यांनी मात्र खेड्यातला माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता. आता बघा, त्यात काय होतं. मजकूर वाचून दाखवणारा आवाज होता, काही भारतीय भाषांमध्ये. पानं दाखवण्यासाठी त्यांनी आयएमएल नावाची स्वतःची वेगळी भाषा रचली होती. आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते स्मार्ट कार्ड. यंत्र गावाचं एकच, पण कार्ड ज्याचं त्याचं. कार्ड सरकवलं की यंत्र तुमचं झालं, काढलं की पुढच्याचं.

विकलं गेलं फार थोडं. खेड्याला दहा हजार परवडत नव्हते आणि शहराला त्यात चमक दिसत नव्हती. व्यवहारात ते पडलं, हे मान्य. पण यंत्राच्या लेखकांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता: ज्याला वाचता येत नाही आणि ज्याचं स्वतःचं यंत्र नाही, तो हे जाळं कसं वापरेल? पुढच्या वीस वर्षांत असा प्रश्न इतक्या सरळपणे आम्हाला क्वचितच दिसला.

मग २०१७ चा जिओफोन. दीड हजार अनामत, बटणांचा साधा फोन, आत ब्राउझर, बावीस भारतीय भाषा. कागदावर तर सिम्प्युटरचं स्वप्नच, तेही सहाव्या-सातव्या हिश्शाच्या किमतीत. चंद्रपूर शहरात, मूलला, ब्रह्मपुरीला तो चांगलाच चालला. पण एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. हा फोन फक्त ४जीवर चालायचा. २जी, ३जीवर उतरायची सोयच नव्हती. इकडे भामरागड-एटापल्लीच्या बाजूला काय होतं? नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्रानं २०१४ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतले बीएसएनएलचे टॉवर, तेही २जीचे. देशभरातले असे २,३४३ टॉवर ४जी करायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला तो २०२२ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे मधल्या काळात देशातलं सगळ्यात स्वस्त इंटरनेटचं यंत्र जिथं त्याची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तिथंच मुकं. बोलायलाही उपयोगाचं नाही, कारण कॉलसुद्धा ४जीवरच. यात कुणी दुष्टपणा केला असं आमचं म्हणणं नाही. लेखकाच्या डोळ्यांपुढचा वाचक वेगळा होता, एवढंच.

आता तिसरं यंत्र, ज्यावर आम्हाला जरा थांबायचं आहे. अंगणवाडीचा मोबाइल.

अंगणवाडी सेविकेकडे अकरा रजिस्टरं असायची. वजन, लसीकरण, आहार, गरोदर बाया, सगळ्यांची वेगळी वही. ते ओझं कमी व्हावं म्हणून २०१९ च्या सुमारास राज्यात सेविकांना स्मार्टफोन दिले गेले. हेतू वाईट नव्हता. ज्यांनी ती रजिस्टरं भरलेली पाहिली आहेत, ते सांगतील. मार्च २०२१ मध्ये जुनं अॅप जाऊन 'पोषण ट्रॅकर' आलं. फोनमध्ये रॅम दोन जीबी. नवं अॅप त्यात धड चालेना, फोन तापायचा, अडकायचा. वर अॅप सुरुवातीला इंग्रजीत. मग ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाइल सरकारी कार्यालयांत नेऊन परत दिले.

आमच्या मते या यंत्राची सगळ्यात नेमकी समीक्षा तीच. आम्ही इथं उभं राहून पाऊण तास बोलू; त्यांनी टेबलावर फोन ठेवला आणि झालं.

पण रॅम आणि इंग्रजी ही तक्रारीची वरची साल. आतला मुद्दा असा, की हे यंत्र वाचण्यासाठी नव्हतंच. ब्राउझर होता, पण ज्या कामासाठी फोन हातात दिला, ते काम म्हणजे भरणं. माहिती गावातून वर जायची. वरून खाली काय यायचं? भरायचं राहिलं याची आठवण. कोरची तालुक्यातल्या एका सेविकेनं आम्हाला तिचा दिवस सांगितला होता. सकाळी पोरांची वजनं करून वहीत लिहायची. दुपारी गावाबाहेर आंब्याखाली जायचं, कारण रेंज तिथं. तिथं उभं राहून वहीतलं फोनमध्ये टाकायचं. म्हणजे वही सुटली नाहीच, वर आंब्यापर्यंतची चाल वाढली. आम्ही विचारलं, त्याच फोनवर तुम्ही स्वतःसाठी काय बघता? ती हसली. म्हणाली, "बघाले टाइम कुठं हाये जी?"

इथं भाषेचंही बोलायला पाहिजे. अॅप मराठीत आलं म्हणजे प्रश्न मिटला, असं आपण मराठी माणसं लगेच समजतो. गडचिरोलीत मराठी ही पुष्कळांची दुसरी भाषा आहे. भामरागडला माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याला बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी तयार केलेली लिपी युनिकोडमध्ये आली ती २०१७ मध्ये. नव्व्याण्णव वर्षं. आणि युनिकोडमध्ये येणं म्हणजे फोनमध्ये दिसणं नव्हे, बरं का. अक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसतात, ते ज्यांनी पाहिलेत त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल.

मग उपाय काय, असं तुम्ही विचाराल. उपाय सांगणं हे समीक्षकाचं काम नाही, तरी एक उदाहरण देतो, कारण ते शेजारचंच आहे. २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. तिथं स्क्रीनच नाही. कुठल्याही साध्या फोनवरून एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, उलटून फोन येतो. मग आपली गोष्ट बोलून नोंदवायची, नाहीतर दुसऱ्याची ऐकायची. गोंडीतही चालतं. हातपंप बिघडला, रोजगार हमीचे पैसे अडकले, असल्या गोष्टी लोकांनी त्यावर सांगितल्या आणि इतरांनी ऐकल्या. इंटरनेटवाले याला इंटरनेट म्हणणार नाहीत. आम्ही म्हणतो, कारण माणूस त्यात भरतोही आणि वाचतोही, फक्त कानानं. आणि २जीचा टॉवर त्याला पुरतो.

सिम्प्युटरच्या त्या आवाजाची इथं आठवण होते. फरक एवढाच, की त्यांनी आवाजासाठी नवं यंत्र बनवलं आणि यांनी लोकांच्या खिशात आधीच असलेलं वापरलं.

स्मार्ट कार्डाचा धागा मात्र कुणी उचलला नाही. गावाचं एक यंत्र, ग्रामसभेच्या खोलीत ठेवलेलं. ज्याला सातबारा बघायचा त्यानं तो बघावा, धान खरेदीची नोंदणी, तेंदूच्या लिलावाची नोटीस. आज या प्रत्येक कामासाठी माणूस तालुक्याच्या गावी जातो, दुकानात रांग लावतो, वीस-पन्नास रुपये देतो, आणि पडद्यावर काय आलं ते दुकानदार त्याला सांगतो. पडदा दुकानदाराकडे वळलेला असतो. काउंटरच्या अलीकडून कागदाची मागची बाजूच दिसते.