रंगरूट आणि स्वयंसेवक

लढाईवर जाणाऱ्या माणसाला मराठींत दोन नांवें आहेत. एक स्वयंसेवक आणि दुसरें रंगरूट. पहिला शब्द संस्कृताच्या टांकसाळींत पाडलेला, सभेंत शोभणारा, वर्तमानपत्राच्या मथळ्यांत ऐटीनें बसणारा. दुसरा म्हणजे इंग्रजी 'रिक्रूट' या शब्दाला शिपायांच्या जिभेनें दिलेलें रूप. त्याला ना व्युत्पत्तीचा मान, ना सभेंत जागा. ज्याच्या इच्छेचा आपण गौरव करतों तो स्वयंसेवक. ज्याची उंची आणि छाती मोजून नांव पटावर चढवितात तो रंगरूट. माणूस बहुधा एकच असतो. परंतु युद्धकाळीं आमच्या लेखकांनीं पहिल्यावर रकानेच्या रकाने लिहिले आणि दुसऱ्याला पलटणीच्या कारकुनावर सोंपविलें, असें जुनीं मासिकें आणि पुस्तकें चाळतांना आम्हांला वारंवार वाटत आलें आहे. त्या वाटण्याची शहानिशा करावी, एवढाच या लेखाचा हेतु.

नाशिकच्या माणसाला हा विषय परका नाहीं. मायदेशीं जाणाऱ्या आगबोटीची वाट पाहून भ्रमिष्ट झालेल्या गोऱ्या सोजिरांमुळें देवळालीच्या छावणीचें नांवच अपभ्रष्ट होऊन वेडसरपणा या अर्थानें इंग्रजी बोलींत शिरलें. छावणीच्या शेजारींच भगूर. तेथें १८८३ सालीं जन्मलेल्या सावरकरांनीं दुसऱ्या महायुद्धांत हिंदुमहासभेचे अध्यक्ष या नात्यानें तरुणांनीं सैन्यांत शिरावें असा आग्रह धरला. डॉ. बा. शि. मुंजे यांनीं १९३७ सालीं भोंसला मिलिटरी स्कूल काढलें तेंहि याच शहरांत. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रांत आजहि नवशिके तोफची तयार होतात, आणि २०२२ मध्यें निघालेल्या योजनेप्रमाणें चार वर्षांच्या बोलीनें घेतलेले अग्निवीरहि त्यांत असतात. हांक मारणारे आणि हांकेला ओ देऊन गेलेले, दोघांच्याहि पाऊलखुणा येथें एका दिवसाच्या पायपिटींत पाहून होतात. आमच्या वाङ्मयांत त्या दोघांच्या वाट्याला काय आलें, हा प्रश्न येथल्या माणसानें विचारला तर तें अप्रस्तुत होऊं नये.

आवाहन हाहि एक वाङ्मयप्रकारच आहे, आणि त्याचें परीक्षण इतर वाङ्मयाप्रमाणें करावयास हरकत नसावी. आमची कसोटी साधी आहे. हांक मारणारा समोरच्याला काय देऊं करतो, आणि स्वतः त्याच्याबरोबर किती कोस चालतो? १९१८ सालीं या कसोटीला लावून पाहण्याजोगीं दोन आवाहनें एकाच सुमारास झालीं.

त्या वर्षीं १० जून रोजीं मुंबईच्या युद्धपरिषदेंत लोकमान्य टिळक बोलावयास उभे राहिले. राजनिष्ठेच्या ठरावावर राजकीय चर्चा नको, असें म्हणून लॉर्ड विलिंग्डन यांनीं त्यांना मध्येंच थांबविलें, आणि ते सभा सोडून गेले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, देशरक्षणास आम्ही सिद्ध आहों. पण ज्या सैन्यांत हिंदी माणसाला अधिकाराची जागा नाहीं तेथें केवळ गोळ्या झेलण्याकरितां मुलें कशीं द्यावीं? हिंदी लोकांना अधिकाऱ्यांच्या सनदा मिळतील असें वचन गांधीजींनीं सरकारकडून आणावें, म्हणजे आपण महाराष्ट्रांतून ५,००० लोक देऊं, न दिल्यास ही रक्कम दंड समजावी, असें कळवून त्यांनीं गांधीजींकडे ५०,००० रुपयांचा चेक पाठविला. गांधीजींनीं तो परत केला. मदत द्यावयाची तर सौदा न करतां द्यावी, असें त्यांचें मत होतें. त्याच वर्षीं सँडहर्स्टच्या विद्यालयांत हिंदी उमेदवारांसाठीं सालीना अवघ्या दहा जागा उघडल्या, यावरून टिळकांची अट किती मुद्द्याची होती तें दिसतें.

टिळकांचा युक्तिवाद वकिली दस्तऐवजासारखा चोख आहे. त्यांत एक शब्द फुकट नाहीं. रक्त फुकट मागूं नका, त्याचा दर ठरवा, हें त्या काळीं इतक्या रोखठोकपणें सांगणें सोपें नव्हतें. तरीहि तो पुनःपुन्हा वाचतांना आमची नजर त्या ५,००० वर अडखळते. हे कोण? कोणत्या तालुक्यांतले? त्यांत किती नांगर धरणारे आणि किती 'केसरी'चे वर्गणीदार? सनद मिळाली असती तर ती शिकलेल्या घरच्या मुलाला मिळाली असती. कोंकणांतल्या किंवा साताऱ्याकडल्या कुळवाड्याच्या पोराच्या नशिबीं शिपाईगिरीच होती. हें लोकमान्यांना दिसत नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. दस्तऐवजांत तें उतरलें नाहीं, एवढेंच.

गांधीजींचें आवाहन तर्काच्या दृष्टीनें याहून पुष्कळ दुबळें. अहिंसेचा पुरस्कर्ता खेडा जिल्ह्यांत सैन्यभरती करीत हिंडतो, हें त्यांच्या निकटच्या माणसांनाहि नीट पटलें नाहीं. परंतु या फसलेल्या मोहिमेविषयीं त्यांनीं आत्मकथेंत जें लिहिलें आहे तें आम्हांला भरतीवरील अव्वल दर्जाचें गद्य वाटतें. शेतसाऱ्याच्या सत्याग्रहांत ज्या गांवांनीं फुकट गाड्या जुंपून दिल्या, त्याच गांवांत आतां भाड्यानेंहि गाडी मिळेना. दिवसाला वीस-वीस मैल पायीं चालावें लागे. गाडीच मिळेना तेथें जेवण कोण देणार, म्हणून शिदोरी बरोबर बाळगावी लागे. लोक उलट विचारीत कीं, या सरकारनें आमचें काय भलें केलें आहे? पुढें ते आजारानें अंथरुणाला खिळले आणि मोहीम तेथेंच राहिली. या सर्व वर्णनांत अलंकार म्हणून नाहीं. पण येथें समोरचा माणूस बोलतो, आणि 'नाहीं' म्हणतो. ज्याला नाहीं म्हणण्याची सोय आहे त्याच्याच होकाराला स्वेच्छा म्हणतां येईल; 'स्वयंसेवक' या शब्दांतील 'स्वयं' कोठें असेल तर तें खेडा जिल्ह्यांतल्या त्या न मिळालेल्या बैलगाडींत आहे.

तिसरें आवाहन दुसऱ्या महायुद्धांतलें, डॉ. आंबेडकरांचें, आणि त्याची जातच वेगळी. त्यांचे वडील रामजी सैन्यांत सुभेदार. लष्करी शाळेंत शिकविणारे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 'लढाऊ जाती' आणि इतर जाती असा भेद सरकारी धोरणांत रुजला तेव्हां महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धांत माणसें कमी पडूं लागतांच १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारली, आणि गरज सरतांच १९२१ सालीं मोडली. १९४१ च्या जुलैंत आंबेडकरांची राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमणूक झाली. भरतीचा आग्रह त्यांनीं धरलाच होता. आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांवीं महार रेजिमेंट उभी राहिली. टिळकांनीं अधिकाऱ्याची सनद मागितली. आंबेडकरांना साधा शिपाई होण्याचा हक्कहि मागून घ्यावा लागला. नाशिककरांना तर हें विशेष कळावें. २ मार्च १९३० पासून आमच्याच काळाराममंदिराच्या दारांत जे सत्याग्रही बसले तेहि स्वयंसेवकच; आणि त्यांना तें दार उघडलें नाहीं. ज्याला देवळाचें दार बंद, त्याला पलटणीचें दार म्हणजे पगार, पोषाख, शाळा आणि पेन्शन यांचें दार होतें. त्यानें नांव घातलें तें स्वखुषीनें कीं नाइलाजानें, हा प्रश्न सुखवस्तु माणसानें सावकाश विचारावा.

हांका मारणाऱ्यांविषयीं इतकें लिहितां येतें. ज्यांनीं ओ दिली त्यांच्याकडे वळलें कीं कागद एकाएकीं कोरा होतो. मेसोपोटेमियांत कुत येथें ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत पुण्याची सहावी डिव्हिजन वेढ्यांत सांपडली होती. त्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शेवटीं घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि पुष्कळ हिंदी शिपायांनीं तें मांस बरेच दिवस तोंडांत घातलें नाहीं. शरण गेलेल्या सुमारें १३,००० लोकांतले कितीतरी पुढें वाळवंटांतल्या पायपिटींत आणि कैदेंत मेले. या वेढ्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनीं लिहिलेल्या पुस्तकांनीं एक कपाट भरेल. मराठी शिपायाच्या हातचें म्हणून आम्ही विद्यार्थ्यांपुढें काय ठेवावें?

पत्रें होतीं. पण फ्रान्समधून हिंदी शिपायांनीं घरीं धाडलेलीं पत्रें सेन्सॉरच्या कचेरींत उघडलीं जात, आणि त्यांतील उतारे इंग्रजींत करून वरिष्ठांपुढें ठेवले जात. आज हातीं आहेत ते बहुतांशीं हे इंग्रजी उतारेच. डेव्हिड ओमिसी यांनीं १९९९ सालीं त्यांची एक निवड प्रसिद्ध केली. आईला सांगून लिहविलेलें पत्र आईच्या भाषेंत उरूं नये, हा दैवदुर्विलास खराच. पत्र तिसराच कोणी वाचणार हें शिपायांना ठाऊक होतें. म्हणून काळी मिरी संपत आली, आतां लाल मिरची वापरतात, असल्या मसाल्याच्या गोष्टी ते लिहीत. काळी मिरी म्हणजे आपले लोक आणि लाल मिरची म्हणजे गोरे. आम्ही वर्गांत अन्योक्तीचीं उदाहरणें संस्कृत सुभाषितांतून देतों. हें उदाहरण आम्हांला अधिक अस्सल वाटतें, कारण येथें अलंकाराचा पेंच जिवावरचा आहे.

आणखी एक मजकूर आहे, दगडांत कोरलेला. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें गांवोगांवीं लहानशा शिळा बसविल्या. या गांवांतून अमुक माणसें लढाईवर गेलीं, पैकीं अमुक कामास आलीं, एवढाच त्यांचा आशय. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवानें त्या युद्धांत ४६ माणसें गमावलीं असें सांगतात. त्या शिळांवरील वाक्यरचना कोणाहि व्याकरणकारानें पाहण्यासारखी आहे: कर्ता संख्यावाचक, आणि नांव कोठेंच नाहीं. बसऱ्याचें स्मारक १९२९ सालीं उघडलें. मेसोपोटेमियांत पडलेल्या आणि ज्यांची समाधि नाहीं अशा सैनिकांचें तें स्मारक. तेथें गोऱ्यांचीं नांवें शिपायापर्यंत कोरलीं. हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आंकडे दिले. ही विषमता होती अशी कबुली त्या खात्यानें नेमलेल्या समितीनें २०२१ सालीं, म्हणजे ब्याण्णव वर्षांनीं, दिली. उशीर झाला हें खरें. पण आमच्या कादंबरीकारांनीं ही विषमता त्याआधीं भरून काढली होती काय?

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'चें (१९३९) नांव येथें कोणी घेईल. कादंबरी थोरच आहे. पण तिचें रणांगण युरोपांतून परतणाऱ्या बोटीवरचें. तिचा नायक सुशिक्षित प्रवासी. कॅप्टन गो. गं. लिमये यांच्या 'सैन्यांतील आठवणी' खऱ्याखुऱ्या छावणींतल्या, पण त्या डॉक्टरच्या. रंगरूट आमच्या गद्यांत फार करून परीटघडीच्या वर्णनांत येतो, छाती काढून उभा राहतो आणि निघून जातो.

दोष लेखकांच्या माथीं मारून आम्ही मोकळे होणार नाहीं. १९६२ च्या ऑक्टोबरांत चीनचें आक्रमण झालें. नोव्हेंबरांत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि पुढल्या वर्षीं लोकसभेवर निवडून आले ते याच नाशिक मतदारसंघांतून, बिनविरोध. त्या हिंवाळ्यांत आमच्या आजीनें हातांतली एक पाटली संरक्षण निधीला दिली. तिची पावती चौकटींत घालून माजघरांत लावलेली आम्ही लहानपणीं पाहिली आहे. घरांत त्या वेळीं तीन तरणे मुलगे होते. त्यांच्यापैकीं कोणाच्या जाण्याची गोष्ट निघाली होती काय, असें आम्हीं पुढें एकदां वडिलांना विचारलें. ते म्हणाले, "अरे, आमच्या परीक्षा होत्या."

कांहीं वर्षांपूर्वीं शालान्त परीक्षेसाठीं मराठीच्या सराव उत्तरपत्रिका तपासण्याचें काम एका स्नेह्यासाठीं आम्हीं केलें. निबंधाचा विषय होता सैनिकाचें मनोगत. चाळीस-पन्नास निबंधांत हिमशिखरें, मातृभूमि आणि रक्ताचा शेवटचा थेंब. एकाच मुलानें तसें लिहिलें नव्हतें. त्याचा सैनिक चौकीवरून रात्रीं घरीं फोन करतो आणि कांदा काढून झाला काय, चाळींत भरला कीं विकला, भाव काय आला, एवढेंच विचारतो. आई विचारते, तूं कसा आहेस? तो म्हणतो, बरा आहे, आणि फोन तुटतो. आई फोन तसाच कानाशीं धरून बसते. पुढें दीड पान केवळ कांद्याचा हिशेब. लिहिणाऱ्याचा भाऊ सैन्यांत असावा, असा तर्क आम्हीं तेव्हांच केला होता. तरीहि समासांत लाल शाईनें 'विषयांतर' असा शेरा मारून आम्हीं दोन गुण कापले. कोणाचे कापले हें सांगतां येणार नाहीं. उत्तरपत्रिकेवर नांव नव्हतें, बैठक क्रमांक होता.