लायनेल डेव्हिडसन : विस्मृतीची कारणमीमांसा

इंग्रजी थरारकादंबरीच्या चर्चेत एरिक अँब्लर, जॉन ल कॅरे ही नावे हटकून येतात. लायनेल डेव्हिडसन (१९२२-२००९) हे नाव सहसा गळते. वस्तुतः क्राइम रायटर्स असोसिएशनचा 'गोल्ड डॅगर' पुरस्कार त्यांना तीन वेळा (१९६०, १९६६, १९७८) लाभला होता. असा लेखक विस्मरणात का जावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हल येथील ज्यू कुटुंबात जन्म, महायुद्धकाळात पाणबुडीदलात सेवा, नंतर पत्रकारिता, काही वर्षे इस्रायलमध्ये वास्तव्य, असा त्यांचा जीवनक्रम होता. रंजनप्रधान लेखन अल्पायुषीच असते, हे आपल्या समीक्षेचे आवडते गृहीतक येथे टिकत नाही. डेव्हिडसन यांनी एकच नायक पुन्हापुन्हा आणला नाही, एकच भूमीही कसली नाही. 'द नाइट ऑफ वेन्सेस्लस'मध्ये प्राग आणि एक फसवला गेलेला ऐदी तरुण. 'अ लाँग वे टू शायलो'मध्ये पुरातत्त्वज्ञाचा शोध. 'द चेल्सी मर्डर्स'मध्ये लंडनमधील खूनमालिका. मागील पुस्तकावर लुब्ध झालेल्या वाचकाला पुढील पुस्तकात तो लेखक सापडतच नसे.

'द रोझ ऑफ तिबेट' (१९६२) अधिक तपशिलाने पाहण्याजोगी आहे. भारतातून चोरट्या वाटेने तिबेटात शिरलेला चार्ल्स ह्यूस्टन, मठाची अधिष्ठात्री, पाचूंचा खजिना आणि १९५० चे चिनी आक्रमण, असे हे कथानक आहे. मात्र ते आपल्यापर्यंत पोहोचते ते 'लायनेल डेव्हिडसन' नावाच्या, प्रकाशनसंस्थेत काम करणाऱ्या निवेदकामार्फत. लेखक स्वतःच हस्तलिखिताची शहानिशा करू लागल्याने अद्भुताला दस्तऐवजाचे वजन येते. तिबेट म्हणजे रत्ने आणि प्रणय ही पाश्चात्त्य दृष्टी या चौकटीमुळे झाकली जाते, नाहीशी होत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

१९७८ नंतर प्रौढांसाठीची त्यांची पुढील थरारकादंबरी, 'कोलिम्स्की हाइट्स', आली ती थेट १९९४ मध्ये. कॅनडातील आदिवासी जमातीचा बहुभाषक जॉनी पोर्टर सायबेरियातील गुप्त प्रयोगशाळेत शिरतो. सुटे भाग जमवून गुहेत गाडी जोडण्याचे त्यातील प्रकरण मला या प्रकारातील उत्कृष्ट लेखन वाटते. येथे उत्कंठा गोळीबारातून नव्हे, श्रमातून निर्माण होते. परंतु सोव्हिएत संघ १९९१ मध्येच विसर्जित झाला होता आणि शीतयुद्धाच्या कथांचा बहर ओसरला होता. २०१५ मध्ये फिलिप पुलमन यांच्या प्रस्तावनेसह ती पुन्हा निघाली आणि तिला मोठा वाचकवर्ग मिळाला. तोवर डेव्हिडसन यांच्या निधनाला सहा वर्षे होत आली होती.