सदोष कथा आणि सजीव पात्र

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आणि महाड सत्याग्रहाच्या स्मृतिदिनाच्या निमित्ताने आपल्याकडे विशेषांक निघतात. त्यांत लेखांच्या जोडीने कथाही असतात. पनवेल हे महाडच्या वाटेवरचे गाव असल्यामुळे २० मार्चच्या सुमारास असे अंक आमच्या हाती सहज पडतात. या कथांविषयी एक अभिप्राय वारंवार ऐकू येतो : ‘कथा नीट जमलेली नाही, पण नायक मात्र चांगला आहे.’ हा अभिप्राय आपण इतक्या सहजतेने देतो की त्यात एक मूलभूत वाङ्मयीन प्रश्न दडला आहे, याचे भान राहत नाही. कथा सदोष असताना तिच्यातील पात्र चांगले असू शकते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ‘चांगले’ या शब्दाची फोड केली पाहिजे. चांगले पात्र म्हणजे सद्वर्तनी पात्र, हा एक अर्थ. चांगले पात्र म्हणजे सजीव पात्र, हा दुसरा. आपल्या चर्चेत या दोहोंची सरमिसळ होते. नायक शीलवान आहे, निर्व्यसनी आहे, शिकलेला आहे, बावीस प्रतिज्ञा पाळणारा आहे. एवढ्यावरून तो माणूस म्हणून आदरणीय ठरेल, परंतु पात्र म्हणून उभा राहीलच असे नाही. उलट एखादे दुर्वर्तनी पात्रही विलक्षण सजीव असू शकते. वेस्सन्तर जातकातील जूजक हा लोभी ब्राह्मण कोणाच्याही आदरास पात्र नाही. तरीही तो एकदा भेटला की विसरता येत नाही. म्हणून येथे आम्ही ‘चांगले’ हा शब्द ‘सजीव’ या अर्थानेच वापरणार आहोत.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने शोकात्मिकेचा विचार करताना कथानकाला अग्रस्थान दिले आणि पात्राला त्याच्या नंतरचे. या दृष्टीने पाहता कथानक कोसळले की पात्रही कोसळले पाहिजे. बौद्ध विचारही प्रथमदर्शनी याच निष्कर्षाकडे नेतो. भदन्त नागसेनांनी राजा मिलिंदाला रथाच्या दृष्टान्ताने समजावले की चाके, आस, दांडी यांहून निराळा असा रथ नाही. त्याचप्रमाणे पात्राचे बोलणे, वागणे, त्याच्यावर येणारे प्रसंग यांहून निराळे असे पात्र कोठे असते? मग अवयव सदोष असताना रथ चांगला कसा?

परंतु सर्व अवयवांचे महत्त्व सारखे नसते. रथाचा रंग उडाला तरी रथ चालतो. आस मोडली की थांबतो. पात्राचा आस कोणता, याचे उत्तर धम्मात आहे. तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. म्हणजे घडलेल्या घटनेपेक्षा ती घडविणारा संकल्प महत्त्वाचा. कथेला हीच कसोटी लावता येईल. पात्राचा निर्णय त्याच्या परिस्थितीतून, कारण-कार्यभावाने उपजलेला आणि त्याचा स्वतःचा असेल, तर भाषेचे व रचनेचे पुष्कळ दोष पचवूनही ते पात्र जगते. तो निर्णय लेखकाने परस्पर घेतला असेल, तर निर्दोष रचनेतही ते मरते.

या कसोटीचे सर्वांत मोठे उदाहरण बाबासाहेबांनीच घालून दिले आहे. सिद्धार्थ गौतम ही ऐतिहासिक व्यक्ती. आम्ही येथे बोलत आहोत ते त्यांच्याविषयी परंपरेने सांगितलेल्या कथेबद्दल. वृद्ध, रुग्ण आणि प्रेत यांचे दर्शन अकस्मात घडले व त्यामुळे सिद्धार्थाने गृहत्याग केला, असे ती कथा सांगते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी तिच्याविषयी साधा प्रश्न विचारला : एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार, मरण पाहिलेच नव्हते, हे संभवनीय आहे काय? हा जितका इतिहासकाराचा प्रश्न आहे तितकाच कथेच्या मर्मज्ञाचाही आहे. चरित्रनायक थोर आहे, एवढ्यावरून बाबासाहेबांनी कथेचा दोष माफ केला नाही.

त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला वाद गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद आहे. तो युद्धाला विरोध करतो. बहुमत त्याच्या विरुद्ध जाते. सैन्यात सामील होण्यास तो नकार देतो. पुढे त्याच्यासमोर पर्याय येतात आणि आपल्या कुटुंबाला झळ लागू नये म्हणून तो परिव्रज्या पत्करतो. पहिल्या कथेत सिद्धार्थाच्या दृष्टीस काहीतरी पडते आणि तो हलतो. दुसऱ्या कथेत तो विचार करतो, बोलतो, हरतो आणि निवड करतो. थोरवी दोन्हीकडे आहे. पण दुसरीकडे ती आपल्याला घडताना दिसते. पाण्याच्या हक्कासाठी महाडला उभ्या राहिलेल्या समाजाला हा सिद्धार्थ अधिक जवळचा वाटला असेल, तर नवल नाही.

आता आपल्या साहित्याकडे वळू. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली आली, १९६१ साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेल्या या कादंबरीवर तंत्राच्या अंगाने आक्षेप घेता येतात, आणि ते आपणच स्पष्टपणे मांडलेले बरे. प्रसंगांवर प्रसंग कोसळत राहतात. शौर्याची वर्णने एकाच चढ्या सुरात होतात. सुष्ट आणि दुष्ट यांची विभागणी बहुधा पहिल्या भेटीतच होऊन जाते. तंत्रशुद्ध कादंबरीच्या मापाने मोजले, तर ‘फकिरा’ कित्येक ठिकाणी उणी भरेल.

तरीही फकिरा जिवंत आहे, आणि त्याचे कारण त्याच्या पराक्रमात नाही. गावासाठी जोगिणी आणताना त्याचा बाप राणोजी प्राण देतो. जे गाव त्याला गावकुसाच्या आत घर देत नाही, त्या गावाच्या प्रतिष्ठेसाठी देतो. हा अंतर्विरोध मुलाच्या वाट्याला वारसा म्हणून येतो. पुढे दुष्काळात मांगवाड्यात माणसे उपासमारीने मरू लागतात, तेव्हा फकिरा धान्य लुटतो. मरायचे की जगण्यासाठी लुटायचे, हा पेच परिस्थितीने उभा केला आहे आणि उत्तर त्याचे आहे. अखेरीस सरकार त्याच्या माणसांना वेठीस धरते, तेव्हा तो स्वतः होऊन सरकारच्या हवाली होतो. येथे लेखकाची भाषा चढी असो वा नसो, निर्णय फकिराचा आहे. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते ते यामुळे.

हे पात्र आपल्यासाठी किती मोलाचे आहे, हे पनवेलमध्ये बसून अधिक जाणवते. येथून जवळच असलेले शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, १८७९ साली त्यांनी सशस्त्र उठाव केला. त्यांचे नाव, त्यांच्यावरील खटला, एडनच्या तुरुंगात १८८३ साली झालेला मृत्यू हे सारे आपण शाळेत शिकतो. परंतु त्यांच्यासोबत जे रामोशी आणि इतर जातींचे लोक लढले, त्यांतील बहुतेक जण कथनात ‘साथीदार’ या एका शब्दात मावतात. त्यांना घर नाही, आई नाही, निर्णय नाही. अण्णा भाऊंनी अशाच समूहातील एका माणसाला नाव दिले, आई दिली, निर्णय दिला. रचनेतील उणिवा मोजताना समीक्षेने हे जमेच्या बाजूला मांडले नाही, तर तिचा हिशेब चुकतो.

परंतु येथेच थांबलो, तर आपण आपल्याच लेखकांना एक खोटे आश्वासन देऊ. सदोष कथेत पात्र जगू शकते, याचा अर्थ कथा कशीही लिहावी असा होत नाही. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पाहावे. स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या या लेखकाने हिंदू विधवांची स्थिती विलक्षण तळमळीने मांडली. यमुना इतर स्त्रियांची दुःखे पाहते, ऐकते, तोवर ती आपल्याला जवळची वाटते. धर्माची श्रेष्ठता पटवून देण्याचे काम कथेवर येते, तेव्हा आवाज लेखकाचा ऐकू येऊ लागतो आणि यमुना मागे सरते. एकाच पुस्तकात एकच पात्र काही पानांवर जगते आणि काही पानांवर विझते.

आपल्या विशेषांकांतील कथांचे नेमके हेच होत आहे. धर्मांतर हा आपल्या जीवनातील सर्वांत मोठा निर्णय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी तो घेतला. त्यांतील प्रत्येकाच्या घरात कुलदैवत होते, म्हाताऱ्यांचा विरोध होता, गावाची भीती होती. पण कथेत काय येते? शिकलेला तरुण भाषण करतो, खलनायक पाटील खजील होतो, आई देव्हाऱ्यातील टाक नदीत सोडते आणि कथा संपते. आईने तो निर्णय कसा घेतला, त्या रात्री तिला झोप लागली काय, याविषयी एक ओळही नसते. ज्या स्त्रीने पिढ्यान्‌पिढ्यांची भीती एका दिवसात टाकली, तिचा संकल्प आपण लेखकाच्या सोयीसाठी तिच्याकडून काढून घेतो. इतिहासात अशा आयांना ‘साथीदार’ केले गेले, ही आपली तक्रार आहे. मग आपल्याच कथेत त्यांचे तेच व्हावे काय?

तेव्हा मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे : होय, सदोष कथेतही सजीव पात्र असू शकते, पण ज्या पानांवर त्याची चेतना त्याच्याकडे राहते, तेवढ्याच पानांपुरते. ‘नायक चांगला आहे’ असे म्हणून कथा स्वीकारू नये आणि ‘रचना सदोष आहे’ असे म्हणून पात्र नाकारूही नये. संपादकांनी कथा परत करताना भाषेच्या चुका दाखवाव्यातच. परंतु त्याआधी लेखकाला एवढे विचारावे की या माणसाने हा निर्णय केव्हा घेतला आणि का घेतला. उत्तर कथेत सापडत नसेल, तर ती पुन्हा लिहावयास सांगावी. ज्यांच्या आयुष्याची कथा आपण सांगतो, त्यांचे आपण इतके देणे लागतो.