रजेचे विनियम आणि संगोपनाची गृहीतके

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत महिला अध्यापकांसाठी १८० दिवसांची प्रसूती रजा आणि अज्ञान अपत्यांच्या संगोपनार्थ दोन वर्षांपर्यंतची रजा नमूद झाली. पुरुष अध्यापकांसाठी पितृत्व रजा मात्र १५ दिवसांचीच राहिली. प्रसूतीनंतरची विश्रांती ही मातेची शारीरिक गरज आहे, याविषयी दुमत नाही. तथापि, संगोपन हे केवळ तिचेच कार्य मानण्यास असा कोणताही आधार नाही. ज्या तरतुदीमुळे तिची नोकरी टिकते, तीच तरतूद घरातील विषम श्रमविभागणीस मान्यता देते. पदोन्नतीस आवश्यक अशा संशोधनासाठी लागणारा सलग वेळ प्रामुख्याने तिलाच गमवावा लागतो. म्हणून महिलांची रजा कमी न करता संगोपन रजा पित्यासही खुली करणे, ही समानतेची खरी कसोटी ठरते.