'सागा' : सुट्या अंकात वाचायची की खंडात?

कॉमिक्सची परीक्षणं वाचताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. परीक्षण लिहिणाऱ्याने दर महिन्याला येणारा २०-२२ पानांचा सुटा अंक वाचलाय, की सहा अंक एकत्र बांधलेला खंड, हे तो सांगतच नाही. चित्रं तीच, संवाद तेच, मग काय फरक पडतो? खूप पडतो. एकाच कॉमिकचे काही भाग सुट्या अंकात झकास वाटतात आणि खंडात दमवतात. काहींचं नेमकं उलट होतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 'सागा'.

(पुढे कथेतल्या एका मोठ्या मृत्यूचा उल्लेख आहे. वाचायची असेल तर इथेच थांबा, वाचून परत या.)

लेखक ब्रायन के. वॉन आणि चित्रकार फियोना स्टेपल्स यांची ही मालिका इमेज कॉमिक्सने मार्च २०१२ मध्ये सुरू केली. पंखवाल्यांची अलाना आणि शिंगवाल्यांचा मार्को हे एकमेकांशी लढणाऱ्या दोन बाजूंचे सैनिक. ते प्रेमात पडतात, त्यांना हेझेल नावाची मुलगी होते आणि अख्खं विश्व त्यांच्या मागे लागतं. मोठी झालेली हेझेल आपल्याला ही गोष्ट सांगते. २०१३ मध्ये पहिल्या खंडाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीपासून लागोपाठ तीन वर्षं 'सर्वोत्तम चालू मालिके'चा आयझनर पुरस्कारही 'सागा'लाच मिळाला.

वॉन-स्टेपल्स यांनी सुरुवातीपासून एक शिस्त पाळली. सलग सहा अंक काढायचे, मग काही महिने सुट्टी, आणि त्या सुट्टीत खंड बाजारात. अंकाचं पहिलं पान बहुतेक वेळा पूर्ण पानभर एकच चित्र, आणि शेवटच्या पानावर धक्का. सहाव्या अंकाच्या शेवटी मार्कोचे आई-वडील अचानक यानात येऊन टपकतात. बाराव्या अंकात प्रिन्स रोबोट एका म्हाताऱ्या लेखकाच्या घरात बसून त्याची उलटतपासणी घेतो, आणि शेवटी कळतं की ज्यांना तो शोधतोय ते सगळे त्याच घरात, वरच्या मजल्यावर श्वास रोखून बसलेत. इथे मालिका थांबली. एप्रिल २०१३ ते ऑगस्ट २०१३. पुढचा अंक आला तो थेट मागे गेला आणि हे कुटुंब त्या घरात पोचलं कसं ते सांगू लागला. वाचकाला चार महिने टांगून ठेवायचं आणि परत आल्यावरही लगेच सोडवायचं नाही! ही 'क्रमशः'ची खरी मजा. ह. ना. आपट्यांच्या 'करमणूक'च्या वाचकांना ती सव्वाशे वर्षांपूर्वीच ठाऊक होती.

पण हेच अंक खंडात सलग वाचा. दर बाविसाव्या पानाच्या आसपास कुणीतरी दारात उभं, कुणीतरी मेलेलं, कुणाचं तरी गुपित फुटलेलं. तिसऱ्या-चौथ्या धक्क्यानंतर तो आधीच कळायला लागतो. पान उलटलं की उत्तर समोर, त्यामुळे प्रश्नाला वजनच उरत नाही. म्हणून माझ्या मते पहिले तीन खंड एका बैठकीत संपवणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. दिवसाला एक अंक, फार तर दोन.

आता दुसरी बाजू. जुलै २०१८ मध्ये ५४वा अंक आला. त्यात मार्को मारला जातो. लगेच मालिका सुट्टीवर गेली, ती थेट जानेवारी २०२२ मध्ये परतली. ५५व्या अंकात कथेतही तीन वर्षं उलटून गेलीत. हेझेल दहा वर्षांची झालीय, अलाना एकटीने घर ओढतेय, प्रिन्स रोबोटच्या पोराची वाचा गेलीय. ज्यांनी ती साडेतीन वर्षं वाट पाहिली, त्यांनी मार्कोशिवायचा काळ हेझेलसोबतच काढला. कॉमिकमध्ये काळाचा असा वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मात्र या नव्या पर्वाचे सुटे अंक वाचताना हाती फारसं लागत नाही. दुःख संथ असतं, त्याला दर महिन्याला शेवटच्या पानावर टाळी मिळत नाही. अलाना बाजारात बाळाचं दूध विकतेय, हेझेल गाण्यात रमतेय, एवढ्यावर अंक संपतो आणि वाटतं, बस, इतकंच? दहावा खंड सलग वाचला की हेच प्रसंग एकमेकांना धरून उभे राहतात. मार्कोचं नाव न घेताही तो प्रत्येक पानावर आहे, हे तेव्हा जाणवतं. नव्या अंकांना 'सागा थंडावली' म्हणून निकालात काढणाऱ्यांनी त्यांना जुन्या अंकांच्या मापाने मोजलंय.

खंडात एक गोष्ट मात्र कायमची हरवते. प्रत्येक अंकाच्या मागे वाचकांची पत्रं असतात, तीही फक्त टपालाने आलेली. ईमेल चालत नाही. ती खंडात घेत नाहीत. ५४ अंकांच्या जाडजूड एकत्रित आवृत्तीतही गोष्ट पूर्ण आहे, ती वाट पाहणाऱ्यांचा गलका मात्र नाही.

आणि फोनवर वाचणाऱ्यांसाठी : एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय 'सागा'साठी बंद ठेवा. हेझेलचं निवेदन स्टेपल्सने स्वतःच्या हस्ताक्षरात थेट चित्रावर लिहिलंय. ते शब्द चित्रात कुठे ठेवलेत यालाही अर्थ आहे. चौकट कापली की ती जागा जाते. फोन आडवा न करता पूर्ण पान बघा, मग बोटांनी मोठं करा.

मालिका एकूण १०८ अंकांची करायचं दोघांनी ठरवलंय, म्हणजे मार्कोचा मृत्यू बरोबर मध्यावर येतो. नव्याने सुरू करणाऱ्याला माझा सल्ला एवढाच : नववा खंड संपला की दहावा लगेच उघडू नका. साडेतीन वर्षं कुणी थांबणार नाही, पण महिनाभर थांबा. तेवढ्यानेही दहाव्या खंडाचं पहिलं पान वेगळं दिसेल.