बेनची साक्ष

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात, जिन्याखालच्या जागेत, पुस्तकांची दोन लोखंडी कपाटे आहेत. रविवारच्या दुसऱ्या मिस्साबलिदानानंतर तासभर ती उघडी असतात. अधूनमधून एखाद्या शनिवारी संध्याकाळी पुस्तके नेणारी मंडळी तेथे जमतात आणि 'सध्या काय वाचता?' या एकाच प्रश्नाभोवती गप्पा होतात. अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, आभारप्रदर्शन नाही. चहा मात्र असतो. प्रस्तुत लेखक तेथे धर्मगुरू म्हणून नव्हे, एक सभासद म्हणून बसतो. निदान त्याची तशी समजूत आहे.

गेल्या पावसाळ्यातील बैठकीत असे ध्यानात आले की, आमची मंडळी बहुतांशी प्रेमकथा आणि रहस्यकथा वाचत आहेत. रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेने अगाथा ख्रिस्तीची कादंबरी वाचत असल्याचे सांगितले. एक निवृत्त शिक्षक सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि दारा बुलंद पुन्हा पहिल्यापासून वाचत होते आणि ते सांगताना किंचित ओशाळत होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी बाबूराव अर्नाळकरांच्या 'झुंजार'ची आठवण काढली. त्यांच्या माहेरी ही चिमुकली पुस्तके तांदळाच्या कणगीत लपवावी लागत. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून १९९६ साली निवर्तलेल्या या लेखकाने मराठी माणसाला वाचनाची जी गोडी लावली, तिचे ऋण आपल्या समीक्षकांनी फारसे मानले नाही. पण तो विषय वेगळा.

मग एका तरुण विवाहितेने पिशवीतून डाफ्ने द्यू मोरिए यांची 'रिबेका' काढली. तीच प्रत आधी आणखी दोघींनी वाचली होती. तिघींचे मत एकच पडले: एकदा हाती घेतली की खाली ठेववत नाही. कपाटातील ती जुनी प्रत त्यानंतर घरोघर फिरू लागली, आणि दोन आठवड्यांनी एक गृहस्थ मला भेटावयास आले. त्यांची अकरावीतील मुलगी ते पुस्तक वाचत होती. "फादर, यात नवरा बायकोचा खून करतो आणि सुटतो. वाचणाऱ्याला वाटते, सुटला ते बरेच झाले. असले पुस्तक चर्चच्या कपाटात कशाला?" ते रागावलेले नव्हते, काळजीत होते. हा मजकूर म्हणजे त्यांना दिलेले उत्तर आहे, आणि थोडेसे मला स्वतःलाही.

प्रथम एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवतो. आक्षेप घेण्याच्या आपल्या परंपरेत त्यांचा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे. कादंबरीविषयी आपण तक्रार करतो ती सामान्यतः शृंगाराची. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली काकोडकर निर्दोष ठरले. 'रिबेका'त त्या अर्थाने आक्षेप घ्यावा असे एक पानही नाही. या गृहस्थांनी पदराकडे पाहिले नाही, न्यायाकडे पाहिले. आणि कादंबरीविषयी त्यांनी जे सांगितले ते शब्दशः खरे आहे.

'रिबेका' १९३८ साली प्रसिद्ध झाली. कथा सांगणारी तरुणी एका श्रीमंत अमेरिकन बाईची पगारी सोबतीण असते. माँटे कार्लो येथे तिची मॅक्सिम द विंटर या विधुराशी गाठ पडते. तो तिच्याहून वयाने दुप्पट. लग्न होते आणि ती इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मँडर्ले या त्याच्या वाड्यात येते. तेथे प्रत्येक खोलीवर, चहाच्या वेळेवर, पत्रे लिहिण्याच्या टेबलावर समुद्रात बुडून मेलेल्या पहिल्या पत्नीची, रिबेकाची सत्ता आहे, आणि त्या सत्तेची कारभारीण आहे मिसेस डॅनव्हर्स ही वाड्याची व्यवस्थापिका. (ज्यांनी १९६४ चा 'कोहरा' हा हिंदी चित्रपट पाहिला असेल त्यांना याच भूमिकेतील ललिता पवार आठवतील, ती चर्या विसरता येत नाही.) मेलेल्या स्त्रीचे नाव पुस्तकाच्या वेष्टनावर, आणि जिवंत स्त्रीला, पुस्तक संपले तरी, नाव नाही. ती केवळ कुणाची तरी सोबतीण, मग कुणाची तरी दुसरी बायको.

कादंबरीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग या भित्र्या मुलीच्या फजितीत जातो. हातून एक चिनीमातीची मूर्ती फुटते, तर ती नवी मालकीण असून तुकडे खणात दडवून ठेवते. मेजवानीच्या रात्री डॅनव्हर्सच्या सुचवण्यावरून ती जो पोशाख करते, तोच रिबेकाने पूर्वी केलेला असतो, आणि नवरा तिच्यावर संतापतो. नव्या सुनेचे पहिले वर्ष ज्यांनी सासरी काढले आहे त्या आमच्या भगिनींना हे सर्व समजावून सांगावे लागले नाही. 'मला माझे स्वयंपाकघर आठवले,' एवढेच एकीने म्हटले. या सहानुभूतीत कोणतीही लबाडी नाही. पण लेखिका तिचा साठा करून ठेवते आहे, आणि कशासाठी ते आपल्याला पुष्कळ उशिरा कळते.

समुद्रात एक जहाज खडकावर चढते. ते पाहण्यास उतरलेल्या पाणबुड्याला रिबेकाची होडी सापडते, होडीत प्रेत सापडते, आणि त्या रात्री मॅक्सिम दुसऱ्या पत्नीला सांगतो की, रिबेका बुडाली नाही, मी तिला गोळी घातली. रिबेका व्यभिचारी होती, दुसऱ्याचे मूल त्याच्या वारसाच्या जागी वाढवण्याची धमकी तिने दिली होती, इत्यादी इत्यादी. हे सर्व आपण त्याच्याच तोंडून ऐकतो, ही गोष्टही येथे विसरू नये.

आता या प्रसंगी ऐकणाऱ्या स्त्रीच्या मनात काय येते? मेलेल्या बाईचा विचार येत नाही. खुनाची भीती जेमतेम येते. तिच्या मनाला एकच गोष्ट व्यापून टाकते: याने रिबेकावर कधीच प्रेम केले नव्हते. ती हलकी होते. जवळजवळ आनंदित होते. पापनिवेदन ऐकणे हा माझा नित्याचा धर्म आहे, म्हणून असेल कदाचित, पण या पानाशी मी प्रत्येक वेळी थबकतो. कुणी आपले घोर पाप सांगत असता ऐकणाऱ्याला त्यातून स्वतःसाठी सुवार्ता ऐकू यावी, यापरते भयंकर काय असेल? आणि तरी लेखिकेने ते इतक्या सहजपणे लिहिले आहे की, आपणही तिच्याबरोबर सुस्कारा सोडतो. सेमिनरीत असताना, सुटीत, मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही सोडला होता. पश्चात्ताप, निवेदन आणि पापक्षालन हे तीन शब्द त्याच वर्षी वर्गात घोकले होते. मॅक्सिमपाशी त्यांपैकी निवेदन तेवढे आहे. आपल्याला खुनाची खंत नाही, असे तो पुढे स्वच्छ सांगतो. खंत आहे ती त्या बातमीने पत्नीच्या चेहऱ्यावरचा कोवळेपणा एका दिवसात पुसला गेला याची.

तो पुसला गेला याची लेखिकेने दिलेली खूण मला सर्वांत मार्मिक वाटते. दुसऱ्याच दिवशी ही मुलगी मिसेस डॅनव्हर्सला बोलावून जेवणाचे पदार्थ बदलायला सांगते आणि या घरची मालकीण आता मी आहे, असे बजावते. इतके दिवस तिला जे साधले नव्हते ते खुनाचे गुपित हाती आल्यावर साधले. ती सबळ झाली म्हणून वाचक टाळ्या वाजवतो. आमच्या बैठकीतही या जागेचे कौतुक झाले; बळ कुठून आले, हे कुणी विचारले नाही.

यानंतर कादंबरी खरी रहस्यकथा होते, पण उलट्या दिशेने. गुन्हेगार सापडावा म्हणून नव्हे, सापडू नये म्हणून आपण पाने उलटतो. होडीच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोके सापडतात, मृत्युचौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघतो, आणि मग रिबेकाचा चुलतभाऊ व प्रियकर जॅक फेव्हेल वाड्यावर येतो. तो दारूडा आहे, ओंगळ आहे, गप्प राहण्यासाठी पैसे मागतो. 'हा खून आहे' असे तोंडावर म्हणणाराही तोच. सत्य बोलण्याचे काम लेखिकेने मुद्दाम सर्वांत किळसवाण्या माणसाकडे दिले आहे, म्हणजे ते सत्य आपल्याला ऐकूच येऊ नये.

फेव्हेल एक साक्षीदार आणवतो. किनाऱ्यावर शिंपले वेचत हिंडणारा बेन, बुद्धीने अधू. त्या रात्री त्याने काहीतरी पाहिले असावे असा फेव्हेलचा तर्क आहे. बेन थरथरतो. आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात घालतील या भीतीने तो घेरलेला आहे; तशी धमकी पूर्वी रिबेकानेच त्याला दिली होती. तो म्हणतो, मी काही पाहिले नाही. आणि वाचकाचा जीव भांड्यात पडतो.

बैठकीत मी विचारले, "बेन आठवतो का?" तिघींपैकी दोघींना नाव आठवेना. तिसरीला आठवले, पण "तो वेडा ना?" एवढेच. ज्या दुबळ्या माणसाच्या बाजूने उभे राहायला आपण एरवी आनंदाने सरसावतो, त्याच्या भयावर आपली सुटका झाली आणि आपण त्याला विसरलो. हे मी त्या भगिनींना दूषण म्हणून लिहीत नाही. मीही पहिल्या वाचनात विसरलो होतो. याचसाठी ही कादंबरी थोर आहे असे माझे मत आहे, आणि ते गृहस्थ जे संकट म्हणून दाखवतात तेच मी तिचे सामर्थ्य म्हणून दाखवतो. शेवटी लंडनच्या डॉक्टरकडून कळते की, रिबेकाला असाध्य रोग होता, ती काही महिन्यांचीच सोबती होती, आणि तिला मूल होणे मुळातच शक्य नव्हते. 'तशीही मरणारच होती' हे समाधान आपल्या हातात ठेवून लेखिका बाजूला होते. घेणे न घेणे आपल्यावर.

चित्रपटाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९४० साली आल्फ्रेड हिचकॉकने 'रिबेका' पडद्यावर आणली आणि तिला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्या काळी हॉलिवूडमध्ये एक आचारसंहिता लागू होती. प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला जाऊ नये, हा तिचा एक दंडक. त्यामुळे चित्रपटात मॅक्सिम गोळी घालत नाही. रिबेका अडखळून पडते, डोक्याला मार लागून मरते, आणि तो केवळ प्रेत लपवतो. १९३० ची ही संहिता लिहिली ती डॅनियल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूने, मार्टिन क्विग्ली या कॅथलिक प्रकाशकाच्या साह्याने. १९३४ पासून ती कडकपणे राबवणारा जोसेफ ब्रीनही कॅथलिक. आणि हिचकॉकचे शालेय शिक्षण येशूसंघीयांच्या शाळेतले. इतक्या कॅथलिकांच्या हातांतून गेल्यावर त्या कथेतले पापच नाहीसे झाले! हेतू उत्तम होता, यात शंका नाही. परंतु खून अपघात झाला की पत्नीचा आनंद निष्पाप होतो, आणि साक्षीदार गप्प राहिला तर आपल्याला वाटणारा सुस्काराही निष्पाप होतो. मला टोचावे असे काही तेथे उरत नाही. चित्रपट देखणा आहे. कादंबरीपुढे तो बाळबोध वाटतो.

याच मुशीतली आणखी जुनी कादंबरी म्हणजे शार्लट ब्राँटेची 'जेन एअर', १८४७ सालची. तेथेही गरीब मुलगी, मोठा वाडा, वयस्क धनी आणि दडवलेली पहिली पत्नी. गुपित फुटते ते वेदीसमोर, लग्नाच्या क्षणी. आणि जेन प्रेम असूनही घर सोडून निघून जाते. मुलीच्या हाती आधी काय द्यावे असे त्या गृहस्थांनी विचारले असते तर मी बेधडक 'जेन एअर' म्हटले असते. मात्र जेनचे कौतुक करताना आपण जेन आहोत असे वाटू लागते, हा त्या पुस्तकाचा धोका आहे. 'रिबेका' वाचून तसे वाटत नाही. चेस्टरटनचा फादर ब्राऊन १९२७ च्या संग्रहात आपले गुपित सांगतो: प्रत्येक खून त्याने स्वतःच मनोमन केलेला असतो, म्हणून त्याला खुनी ओळखता येतो. तो जे समजून-उमजून करतो ते 'रिबेका'चा वाचक नकळत करतो, आणि कळते तेव्हा पुस्तक संपलेले असते.

उणिवाही आहेत. शेवटचा वाडा जळण्याचा प्रसंग नाट्यमय असला तरी घाईचा आहे, आणि ते दांपत्य पुढे परदेशांतील हॉटेलांत कसे कंठते आहे हे लेखिकेने आरंभीच सांगून टाकल्याने पुष्कळ वाचकांच्या ते ध्यानातून निसटते. ते पुन्हा पाहावे. इंग्लंडातल्या बातम्या, क्रिकेटचे धावफलक, चहा, ठरावीक दिनक्रम, आणि मँडर्लेचे नाव न काढण्याची खबरदारी. न्यायालयाने न दिलेली शिक्षा तेथे चालू आहे. पुस्तक संपल्यावर पहिले प्रकरण पुन्हा वाचण्याची विनंती मी आता प्रत्येक वाचकाला करतो.

त्या गृहस्थांना मी हे सारे एका बैठकीत सांगू शकलो नाही; दोनदा त्यांच्या अंगणात बसलो. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे म्हणवत नाही. "तुम्ही शिकलेले आहात फादर, मुलगी सोळा वर्षांची आहे," असे ते म्हणाले, आणि त्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. तेवढ्यात ती मुलगी चहा घेऊन आली. मी तिला विचारले, "बेन आठवतो का?" तिने कप ठेवले आणि म्हणाली, "हो ना. पण मला कळले नाही फादर, त्याला पुढे कुणी विचारलेच कसे नाही?"

तिचे वडील माझ्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या रविवारी पुस्तक त्यांच्याच हातून परत आले. ते कपाटात ठेवायला गेलो, तर त्यासाठी नोंदवहीत आधीच दोघांची नावे होती.