जीवाश्मांची खासगी विक्री : एका वादाची चिकित्सा
(नर्मदाकाठच्या आदिवासी प्रदेशाच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठी घरांतील देवघरात पिढ्यान्‌पिढ्या पुजला जाणारा शाळिग्राम हा गंडकी नदीच्या पात्रात सापडणारा अमोनाइट या लुप्त सागरी प्राण्याचा जीवाश्म होय. शाळिग्रामाचे मोल करू नये, असा धर्मपरंपरेतील संकेत आहे. प्रत्यक्षात मात्र तीर्थक्षेत्रांच्या बाजारात शाळिग्राम विकत मिळतो. जे विकू नये असे समाज मानतो तेही विकले जाते, ही विसंगती आज जागतिक पातळीवर चर्चिल्या जाणाऱ्या एका वादाच्या मुळाशी आहे. जीवाश्म खासगी संग्राहकांना विकावेत काय, हा तो वाद. 2020 मध्ये 'स्टॅन' हा टायरॅनोसॉरसचा सांगाडा सुमारे 3 कोटी 18 लाख डॉलरना विकला गेला. 2024 मध्ये 'एपेक्स' या स्टेगोसॉरसला 4 कोटी 46 लाख डॉलर किंमत आली. या वादातील दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांची चिकित्सा करणे आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्याच्या दृष्टीने त्यातून काय निष्पन्न होते हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विक्रीच्या समर्थकांचा युक्तिवाद

विक्रीचे समर्थन केवळ नफेखोरीतून होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. इंग्लंडमधील लाइम रेजिस येथील मेरी अॅनिंग (1799–1847) ही गरीब घरातील स्त्री किनाऱ्यावर सापडलेले जीवाश्म विकून उदरनिर्वाह करीत असे. तिने शोधलेल्या इक्थिओसॉर व प्लेसिओसॉर यांच्या अवशेषांवाचून जीवाश्मविज्ञानाचा आरंभीचा इतिहास लिहिता येत नाही. समुद्राच्या लाटांनी कडा ढासळत असता जीवाश्म वेळीच उचलला नाही तर तो नष्ट होतो. अशा वेळी उचलणाऱ्याला मोबदला मिळाला तर बिघडले कोठे, असा समर्थकांचा प्रश्न असतो.

महाराष्ट्रातही याला समांतर उदाहरण आहे. दक्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक नाशिक, जळगाव, पुणे या परिसरांतील खाणींतून व विहिरींच्या खोदकामांतून निघतात आणि जगभरच्या संग्राहकांकडे जातात. ते वेळीच वेगळे काढले नाहीत तर खडी यंत्रात त्यांचा चुरा होतो. सिन्नर येथील 'गारगोटी' हे खनिज संग्रहालय खासगी संग्रहातूनच उभे राहिले व ते सर्वांना पाहता येते. तेव्हा खासगी संग्राहक हा सर्वत्र ज्ञानाचा शत्रू असतो, हे गृहीतक टिकत नाही.

तथापि खनिजाचा न्याय जीवाश्माला जसाच्या तसा लावता येत नाही. झिओलाइटच्या एका नमुन्याचे रासायनिक स्वरूप दुसऱ्या नमुन्यावरून तपासता येते. जीवाश्म ही मात्र एका विशिष्ट जीवाच्या बाबतीत, एका विशिष्ट ठिकाणी घडलेल्या घटनेची नोंद असते. तो कोणत्या थरातून, कोणत्या स्थितीत व कशाच्या सान्निध्यात निघाला ही माहिती तुटली, की उरतो तो केवळ शोभेचा दगड.

विरोधकांचा युक्तिवाद

या मुद्द्याचे सर्वांत बोलके उदाहरण भारतातीलच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना 1984 मध्ये गुजरातमधील ढोली डुंगरी येथे डायनोसॉरची अंडी व हाडे असलेला खडक मिळाला. 1987 मध्ये ती हाडे अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाची म्हणून प्रसिद्ध झाली. पुढे 2001 मध्ये अमेरिकन संशोधक जेफ्री विल्सन यांनी तोच नमुना पाहिला तेव्हा त्यांतील काही मणके सापाचे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. 2010 मध्ये 'सनाजेह इंडिकस' या नावाने तो साप जगापुढे आला. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा हा साप डायनोसॉरच्या घरट्यात, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून गाडला गेला होता. पहिल्या निष्कर्षातील त्रुटी दुरुस्त होऊ शकली, कारण नमुना सार्वजनिक संग्रहात होता व दुसऱ्या अभ्यासकाला तो पुन्हा पाहता आला. हाच खडक एखाद्या दिवाणखान्यात गेला असता तर साप कायमचा पिल्लूच राहिला असता.

पुनर्तपासणीची शक्यता हाच विज्ञानाचा प्राण आहे. म्हणूनच 'स्टॅन'चा लिलाव सार्वजनिक संस्थांपुरता मर्यादित ठेवावा, अशी विनंती पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केली होती. ती मान्य झाली नाही. तो सांगाडा अबुधाबीच्या संग्रहालयासाठी घेतला गेल्याचे 2022 मध्ये स्पष्ट झाले. 'एपेक्स' खरेदीदाराने न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला उसना दिला. दोन्ही प्रसंगी शेवट बरा झाला असे म्हणता येईल; परंतु तो खरेदीदाराच्या मर्जीने झाला, अभ्यासकांच्या हक्काने नव्हे.

दोन्ही बाजूंची उणीव

असे असले तरी विरोधकांची बाजूही निर्दोष नाही. 1828 मध्ये कॅप्टन स्लीमन यांना जबलपूर येथे डायनोसॉरचे मणके मिळाले. 1877 मध्ये लिडेकर यांनी त्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. भारतातील या पहिल्या डायनोसॉरचा मूळ नमुना पुढे हरवला असे मानले जात होते. 2012 मध्ये तो कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात सापडला. नमुना शासकीय कपाटात ठेवला म्हणजे तो जपला गेला, असे नव्हे.

याहून गंभीर उणीव अशी, की संग्राहक आणि शास्त्रज्ञ यांच्या या वादात ज्याच्या शेतात जीवाश्म निघतो तो माणूस जवळजवळ अनुपस्थित असतो. 1990 मध्ये अमेरिकेत सापडलेल्या 'सू' या टायरॅनोसॉरसच्या प्रकरणात हा माणूस अपवादाने पुढे आला. ती जमीन सू जमातीच्या एका व्यक्तीची असून शासनाने विश्वस्त म्हणून धारण केली होती. म्हणून परवानगीविना झालेला व्यवहार न्यायालयाने अग्राह्य ठरविला. 1997 मध्ये सांगाडा 83 लाख 60 हजार डॉलरना शिकागोच्या संग्रहालयाने घेतला व त्यातील मोठा वाटा जमीनधारकाला मिळाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ मुळे आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर येणारे निर्बंध ज्यांना परिचित आहेत, त्यांना या निर्णयातील तत्त्व परके वाटू नये.

नर्मदाकाठचा संदर्भ

नंदुरबार जिल्ह्याचा बहुतांश भूभाग बेसाल्टचा आहे. त्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. डायनोसॉरचे अवशेष ज्या लमेटा थरांत मिळतात ते याच खोऱ्यात, मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात उघडे पडले आहेत. तेथील 92 घरटी व 256 अंडी यांची नोंद 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस धारमधील पाडल्या गावची हकीकत वृत्तपत्रांत आली. तेथील शेतकरी शेताच्या शिवेवर 'काकड भैरव' म्हणून जे गोल दगड पुजत होते, ती डायनोसॉरची अंडी असल्याचे तज्ज्ञांनी ओळखले.

या घटनेकडे 'अज्ञानाचे निराकरण' म्हणून पाहणे उथळपणाचे होईल. शेताचे व गुराढोरांचे रक्षण करणारा देव म्हणून त्या दगडांना जागेवर जपणाऱ्यांनी, ते काय आहेत हे न कळताही, संग्रहालयाचे एक मूलभूत कार्य केले होते. शिवेवरच्या देवाला किंमत नसते, म्हणून तो विकला गेला नाही. मात्र आता त्याची किंमत जगाला कळली आहे. व्यापारी प्रथम पोहोचतो की अभ्यासक, आणि त्यांपैकी कोण गावाशी सन्मानाने बोलतो, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

कायद्याची स्थिती येथे अपुरी आहे. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 मधील व्याख्येत जीवाश्मांचा स्वतंत्र उल्लेख नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये भू-वारसास्थळे व भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला. त्यात अधिकारांचा केंद्रबिंदू केंद्र शासन व भूवैज्ञानिक सर्वेक्षण हा आहे. सरदार सरोवरात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली. 'राष्ट्रहित' या शब्दाची किंमत तेथे जमिनीच्या रूपाने मोजली गेली आहे. अशा प्रदेशात आणखी एक वस्तू शासनजमा करणारा कायदा केवळ वैज्ञानिक हेतूच्या बळावर स्वीकारला जाईल, असे मानता येत नाही. पेसा कायद्याने (1996) अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण खनिजांच्या परवान्याबाबत शिफारशीचा अधिकार दिला आहे. हेच तत्त्व जीवाश्मांना लावणे तर्कसंगत ठरते.

समारोप

जीवाश्मांची विक्री नको, हा विरोधकांचा निष्कर्ष ग्राह्य आहे. मात्र त्यासाठी दिले जाणारे कारण अपुरे आहे. जीवाश्म शास्त्रज्ञांचा म्हणून तो विकू नये असे नव्हे. त्याचा अर्थ त्याच्या जागेशी बांधलेला असतो व ती जागा कोणाची तरी असते, म्हणून तो विकू नये. त्यामुळे विक्रीबंदीबरोबर शोधकर्त्याच्या नावाची नोंद व मानधन, ग्रामसभेची संमती आणि नमुन्याची किमान प्रतिकृती गावाच्या शाळेत ठेवण्याची तरतूद असावयास हवी. परिसरातील महाविद्यालयांनाही येथे काम आहे : विहिरीत वा नांगरटीत सापडलेल्या वस्तूची जागा, खोली व दिनांक लिहून ठेवणारी नोंदवही प्रत्येक महाविद्यालय ठेवू शकते. दगड उचलला जाण्यापूर्वी त्याची जागा लिहिली गेली, तर ती माहिती तरी कोणत्याही लिलावात विकली जाणार नाही.